चिमणी, हलाल आणि कुतूहल : सलीम अलींच्या आत्मकथनाचे एक वाचन

मुस्लिम मराठी साहित्याच्या व्यासपीठावरून नावांची एक माळ नेहमी ओढली जाते. या देशाच्या घडणीत आमचाही वाटा आहे हे सांगायची वेळ आली की ती माळ बाहेर निघते, आणि तिच्यात डॉ. सलीम अली हा मणी हमखास असतो. 'थोर पक्षितज्ज्ञ सलीम अली' एवढे म्हटले की टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मण्याकडे वळतो. पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या माणसाने लिहिले काय? ते आपण वाचले का? वाचले असेल तर त्याचा आपल्या लेखनाशी आणि जगण्याशी काही संबंध लागतो का? अस्मितेसाठी नाव पुरते, पुस्तक लागत नाही. या लेखात आम्हाला नाव बाजूला ठेवून पुस्तकाकडे जायचे आहे.

पुस्तक म्हणजे त्यांचे 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे आत्मकथन. वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, 1985 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. दोन वर्षांनी, 1987 मध्ये, ते गेले. हे पुस्तक आज पुन्हा वाचावेसे वाटण्याचे एक कारण आहे. अलीकडे निसर्गप्रेम फार स्वस्त झाले आहे. रविवारी गाडी काढून घाटात जावे, धबधब्याखाली भिजावे, पाच जूनला एक रोप लावून फोटो काढावा आणि 'शाश्वत जीवनशैली' या विषयावर परिसंवाद घ्यावा, असा त्याचा साचा ठरून गेला आहे. आमच्या वस्त्यांतही तो आला आहे. तिथे त्यात एवढीच भर पडते की व्याख्याता पाणी वाया घालवू नये, विनाकारण झाड तोडू नये याबद्दलचे धर्मातले दाखले देतो. दाखले खरेच असतात. पण सभा संपल्यावर मोहल्ल्यातल्या नाल्यात प्लास्टिक कालच्या इतकेच असते. निसर्गावरचे प्रेम भावनेतून सुरू होते आणि उपदेशात संपते, असा आपला समज झाला आहे. सलीम अलींचे आत्मकथन या समजाला सुरुवातीच्या पानांतच धक्का देते.

खाण्याचा प्रश्न आणि ओळखीचा प्रश्न

1896 साली मुंबईत जन्मलेला, आईवडिलांविना वाढलेला हा मुलगा खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांच्या घरी राहत होता. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला हवेची बंदूक दिली. मुलगा चिमण्या मारी, त्या हलाल करून खाल्ल्या जात. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर हळदीचा डाग पडावा तसा पिवळा ठिपका दिसला. नेहमीची चिमणी ही नव्हे. मग ही खाणे मुसलमानाला चालेल का? मुलगा पक्षी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही उत्तर देता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवले. 1883 साली स्थापन झालेल्या या संस्थेची जागा तेव्हा अपोलो स्ट्रीटवर फिप्सन कंपनीच्या वास्तूत होती आणि फिप्सन कंपनीचा धंदा होता दारूचा. तिथे मिलर्डसाहेबांनी चिमणी ओळखून दिली आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे संग्रह मुलापुढे ठेवले.

हा प्रसंग सलीम अलींच्या प्रत्येक चरित्रात येतो, अगदी शालेय धड्यातही येतो. पण धड्यात येताना त्यातला हलालचा प्रश्न बहुधा गळून पडतो. उरतो तो 'लहानपणापासून पक्ष्यांची आवड' असा गुळगुळीत मजकूर. आमच्या मते प्रसंगाचे मर्म नेमके त्या गाळलेल्या भागात आहे. एका श्रद्धाळू घरातल्या मुलाला 'हे चालते का?' असा प्रश्न पडला. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी 'हे आहे काय?' हे कळणे भाग होते. पहिला प्रश्न दुसऱ्याच्या दारापर्यंत घेऊन गेला आणि ते दार दारूच्या व्यापाऱ्याकडे उघडत होते म्हणून मामांनी मुलाला अडवले नाही. श्रद्धा आणि चौकसपणा यांचे भांडणच असते असे मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी हे पान सावकाश वाचावे. प्रश्न मनापासूनचा असेल आणि घरातले वडीलधारे 'मला ठाऊक नाही, तू जाऊन विचार' म्हणण्याइतके मोकळे असतील, तर धर्मातला प्रश्नही प्रयोगशाळेत पोहोचतो. आमच्या घरांत आज अशी चिठ्ठी लिहून देणारे मामा किती आहेत, हा खरा विचार करण्याचा मुद्दा आहे.

भाबडेपणाला नकार

याच काळातली दुसरी एक नोंद आत्मकथनात आहे. ती वाचून आजचा हळवा पक्षिप्रेमी दचकेल. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात घरचिमणी अंड्यांवर बसली होती आणि नर बाहेर पहारा देत होता. मुलाने उभ्या गाडीच्या आडोशाने नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला. तोही टिपला. अशा रीतीने सात दिवसांत आठ नर त्याने त्याच जागेवर मारले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळालेला पाहिला. ही हकिगत त्याने वहीत टिपून ठेवली. म्हातारपणी सलीम अली ती नोंद लपवत नाहीत आणि तिच्यावर पश्चात्तापाचे अश्रूही ढाळत नाहीत. शिकारीच्या फुशारकीत एक निरीक्षण दडले होते, एवढेच ते दाखवतात. आपले पक्षिप्रेम भाबड्या जातीचे नाही, त्यात सौंदर्याची ओढ आणि शास्त्र दोन्ही आहेत, हेतू नसलेली हत्या मात्र निंद्यच, अशी त्यांची स्वच्छ भूमिका आहे.

मराठीतल्या निसर्गलेखनाशी ही भूमिका ताडून पाहण्यासारखी आहे. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'त निसर्ग बारा महिन्यांच्या रंगगंधांनी, लोकपरंपरेच्या स्मृतींनी भरून येतो. व्यंकटेश माडगूळकर शिकारीकडून निरीक्षणाकडे आले आणि त्यांच्या 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांतला सत्तासंघर्ष कोणताही मुलामा न देता उभा राहतो. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्लींनी रानाची भाषाच मराठीत आणली. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तो मराठीने अरण्यविद्येला दिलेला मान होता. 2025 मध्ये ते गेले. या तिघांच्या मागे खरी तपश्चर्या आहे. पण त्यांच्या वाटेने आलेल्या पुढच्या पुष्कळ ललित लेखनात तपश्चर्या गळाली आणि फक्त हळवेपणा उरला. पक्ष्याचे नाव ठाऊक नाही, झाड कोणते ते माहीत नाही, तरी 'निसर्गाच्या कुशीत' मन मात्र भरून येते. सलीम अलींचे गद्य अशा वेळी उताऱ्यासारखे काम करते. ते कोरडे आहे, कधी कधी फारच कोरडे. कवी त्यांच्यात नाही. पण जे पाहिले नाही ते ते लिहीत नाहीत. नीतीच्या दृष्टीने हा गुण लहान नाही.

असाच प्रामाणिकपणा ते स्वतःबद्दलही दाखवतात. 1937 साली अफगाणिस्तानच्या दौऱ्यात त्यांच्याबरोबर असलेल्या कर्नल माइनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षितज्ज्ञाने आपल्या दैनंदिनीत त्यांच्याबद्दल कुजकट शेरे मारले होते. सलीम अलींनी ते शेरे मिटक्या मारत आपल्याच आत्मकथनात छापले. पुढे याच कर्नलने संग्रहालयांतले नमुने लांबवून त्यांच्यावर खोट्या चिठ्ठ्या लावल्याचे संशोधकांनी सिद्ध केले. काळाने केलेला हा न्याय पाहायला सलीम अली हयात नव्हते, आणि त्यांना त्याची गरज होती असेही पुस्तक वाचून वाटत नाही.

किहीमचा खोपा

पुस्तकातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग किहीमचा आहे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते मार्गदर्शक व्याख्याते म्हणून नोकरीला होते. रजा घेऊन बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले आणि 1930 साली परत येऊन पाहतात तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. पदवी नाही, नोकरी नाही, मुंबईत राहणे परवडेना. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला समुद्रकाठच्या घरात राहायला गेले. बेकारीच्या त्या पावसाळ्यात घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. करायला दुसरे काही नव्हते, म्हणून ते रोज तिच्यासमोर बसले.

त्या बसण्यातून निघालेला निबंध 1931 साली सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले. खोपा विणतो तो नर. गवताचे, भाताच्या पात्यांचे लांब धागे ओढून तो टोपीसारखा अर्धा खोपा तयार करतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. पसंत पडला तर मादी त्या खोप्याचा ताबा घेते, तेव्हा नर पुढची नळी विणून खोपा पुरा करतो. अंडी उबवायला मादी बसली की नर जवळच दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत झालेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात. बहुपत्नीत्व म्हटले की एकाच समाजाकडे बोट दाखवणाऱ्यांना सांगायला हरकत नाही की या समाजात पसंतीचा शेवटचा शब्द मादीचा असतो आणि आधी घर बांधल्याखेरीज नराचे काही चालत नाही.

इथे मराठी वाचकाला बहिणाबाईंची आठवण येणे अपरिहार्य आहे. त्यांच्या गाण्यातला खोपा आईने पिलांसाठी विणला आहे. मुळात 'सुगरण' हा शब्दच स्त्रीलिंगी. म्हणजे भाषेनेच कारागिरीचे श्रेय मादीला देऊन टाकले. सलीम अलींच्या निरीक्षणाने बहिणाबाई खोट्या ठरतात का? आमच्या मते नाही. खानदेशातल्या शेतावर राबणाऱ्या त्या बाईने विणीकडे पाहिले आणि चोचीएवढ्या हत्याराने केलेल्या कामाची थोरवी ओळखली. किहीमला बसलेल्या बेकार माणसाने विणणाऱ्याकडे पाहिले. दोघांनीही पुरेसा वेळ दिला, हे त्यांच्यात समान आहे. दोष आमचा, की आम्ही गाणे पाठ केले आणि खोप्याखाली कधी उभे राहिलो नाही. दोन्ही जवळ ठेवता येतात. ज्याला विणणारा नर ठाऊक आहे त्याला ते गाणे कमी गोड लागत नाही.

किहीमच्या या प्रकरणात शाश्वत जीवनशैलीवरचा, तो शब्द न वापरता लिहिलेला धडा आहे. कमी खर्चात राहणे ही त्यांची निवड नव्हती, ती अडचण होती. पण त्या अडचणीचीच त्यांनी पद्धत केली. यानंतर त्यांनी संस्थानांना कळवले की प्रवासाचा आणि तंबूंचा खर्च द्या, मी पक्ष्यांची पाहणी विनावेतन करून देतो. हैदराबाद संस्थानची पाहणी 1931-32 मध्ये झाली (आजचा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता). मग त्रावणकोर आणि कोचीन, पुढे आणखी संस्थाने. विलायतेत शिकलेल्या तेहमिना बैलगाडीच्या वाटांवर, तंबूत, त्यांच्याबरोबर राहिल्या. 1939 साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. या कोरड्या पुस्तकात जिथे लेखणी थरथरते अशी जागा तेवढीच. दोन वर्षांनी 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' निघाले आणि सामान्य माणसाला चित्र पाहून पक्षी ओळखण्याची सोय झाली. 1976 साली मिळालेल्या गेटी पारितोषिकाची रक्कमही त्यांनी संवर्धनाच्या कामाला दिली. मात्र त्यांना साधू करू नये. वेगवान मोटारसायकलींचे त्यांना वेड होते. 1950 साली स्वीडनमधल्या पक्षिशास्त्र परिषदेला जाताना त्यांनी आपली मोटारसायकल बरोबर नेली होती. गरजा कमी ठेवणे म्हणजे आनंद कमी ठेवणे नव्हे, हे त्यांच्याकडून शिकता येते.

आज मुंबईहून मांडव्याला 2020 पासून मोटारीसकट बोटीने जाता येते. किहीम परिसरात शनिवार-रविवारच्या बंगल्यांची रांग लागली आहे. निसर्गाजवळ राहण्यासाठी लोक तिथे येतात, आणि त्यांच्या कुंपणांसाठी झाडे तुटतात. सुगरणीला उंच झाड, जवळ पाणी आणि भातशेती किंवा गवत लागते. बंगल्याच्या हिरवळीतून तिला खोप्याचा धागा मिळत नाही.

कडेला राहिलेली माणसे

आता या पुस्तकाच्या मर्यादेबद्दल. सलीम अलींच्या जगात राजेरजवाडे, साहेब, परदेशी शास्त्रज्ञ अग्रभागी आहेत. वाटाडे, गाडीवान, पक्ष्याचे कातडे सोडवणारे मदतनीस कडेला राहतात. बिहारमधल्या मीरशिकार समाजाचेच उदाहरण घ्या. पक्षी पकडणे हा या मुसलमान जमातीचा पिढीजात धंदा. सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला तेव्हा पक्ष्याला इजा न करता पकडून त्याच्या पायात कडे घालण्यासाठी याच मीरशिकारांचे कसब कामी आले. ज्या हातांनी पक्षी बाजारात विकले, त्याच हातांनी ते शास्त्रासाठी पकडून पुन्हा सोडले. आमच्या मते ही कथा पिवळ्या गळ्याच्या चिमणीइतकीच मोठी आहे. पण तिला आत्मकथन मिळाले नाही.

माणसे कडेला ठेवण्याची किंमत भरतपूरने दाखवली. तिथले केवलादेव हे एकेकाळी महाराजांचे शिकारीचे तळे. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. तो आकडा दगडावर कोरून ठेवलेला आहे. स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ बुजवून शेती करावी अशी मागणी झाली तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत शब्द टाकून ती वाचवली. हे ऋण मोठे आहे. पण पुढे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर 1982 साली तिथे गुरे चारायला बंदी आली. या बंदीमागे सलीम अली आणि त्यांच्या संस्थेचेही मत होते. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. आणि त्याच सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून काय दिसले? म्हशी चरायच्या थांबल्यावर गवत माजले, त्याने पाणी झाकले आणि पाणपक्ष्यांनाच जागा कमी पडू लागली. म्हशी या तळ्याच्या व्यवस्थेचा भाग होत्या. गवळ्यांना जे रोजच्या व्यवहारातून ठाऊक असणार, ते शास्त्राला दहा वर्षांनी कळले.

यावरून सलीम अलींना निकालात काढणे आम्हाला मान्य नाही. चूक उघड झाली तीही त्यांनीच रुजवलेल्या पद्धतीने. त्यांच्या संस्थेने आधीच्या मताला न चिकटता जे दिसले ते लिहिले. मात्र त्या पद्धतीला एक जोड हवी होती. पक्ष्याकडे जितक्या धीराने पाहिले तितक्याच धीराने पक्ष्याशेजारी जगणाऱ्या माणसाकडे पाहण्याची. ती जोड शास्त्रज्ञाने नाही दिली तर लेखकाने द्यायची असते.

आपल्या लेखनापुढचे काम

म्हणूनच हा लेख मुस्लिम मराठी लेखकांसाठी आहे. आपल्या साहित्याने फाळणीनंतरचा संशय लिहिला, तलाकपीडित स्त्रीचे दुःख लिहिले, दंगल लिहिली, ओळखीचा पेच लिहिला. ते लिहिणे भागच होते. पण पाणी, झाड, माती, टाकाऊ-टिकाऊ यांच्याशी आपल्या माणसांचा जो रोजचा व्यवहार आहे, तो आपल्या पानांवर फारसा उतरलेला नाही. बागवानाला कोणता आंबा कोणत्या दिवशी उतरवायचा, गवताच्या आढीत किती दिवस ठेवायचा हे हाताने कळते. पिंजारी जुन्या गादीतला दबलेला कापूस पिंजून तिला पुन्हा दहा वर्षे आयुष्य देतो. कल्हईवाला भाता फुंकून, नवसागर टाकून, कथिलाचा हात फिरवून आजीच्या लग्नातले पातेले नातवाच्या घरी वापरात ठेवतो. भंगारवाला शहराने फेकलेले वेचून, निवडून परत कारखान्याच्या दारात नेतो. परिसंवादात ज्याला आज मोठमोठी नावे देतात ते काम ही माणसे गरिबीत, धुरात, मान न मिळता करीत आली. त्यातल्या काहींचे धंदे फोमच्या गादीने आणि स्टेनलेस स्टीलने जवळजवळ संपवले.

त्यांचे उदात्तीकरण मात्र नको. कल्हईच्या धुराने छातीचे काय होते, भंगाराच्या गोदामात पोरांचे बालपण कसे जाते, हेही त्याच नोंदीत आले पाहिजे. आठ मेलेल्या चिमण्या ज्याने वहीतून खोडल्या नाहीत, त्याच्याकडून एवढे तरी घ्यावे. सलीम अलींचे नाव घेण्याचा हक्क आपल्याला जन्माने मिळत नाही, पाहण्याने मिळतो. एखाद्या तरुण लेखकाने वर्षभर एका पिंजाऱ्याच्या दुकानासमोर बसावे, तो कापसाला हात लावून काय ओळखतो, धनुकलीच्या तातेच्या आवाजावरून काय जाणतो, दिवसाला किती गाद्या भरतो आणि हाती किती उरते, हे तारखेवार टिपावे. तसे लेखन या वार्षिकाकडे आले तर पुढच्या वेळी आम्ही त्याच्यावर लिहू.